न पाहिलेला दुसरा अंक

नाटक चालू असताना मर्व्हिन हॅस्केल तिकिटाच्या कोपऱ्याने नखं कोरायचा आणि निघालेला मळ कार्यक्रमपत्रिकेला पुसायचा. त्याच पत्रिकेवर तो परीक्षण लिहायचा. ऐंशीचं दशक संपताना मी नॉटिंगहॅमच्या सांजदैनिकात त्याची मदतनीस झाले. ती परीक्षणं टाइप करणं माझं काम. पत्रिका मी दोन बोटांत धरायचे.

शिकागोत बेसबॉलच्या बातम्यांपासून सुरुवात करून तो नाट्यसमीक्षक झाला आणि इंग्रज बायकोमागे इथे आला. बायको गेली, सदर राहिलं. "लोक नाटकाला जात नाहीत, मला वाचतात," असं तो म्हणायचा. दुर्दैवाने ते खरं होतं. मध्यंतरात तो उठून पबमध्ये जायचा. "पहिल्या अंकात कंटाळा आणणारे दुसऱ्यात सुधारत नाहीत, पोरी."

आमच्या मराठी मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये नाटक केलं. मुख्य भूमिका सुलभाकाकूंची. त्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. ड्यूटी सांभाळून चार महिने तालमी केल्या. "पेपरात एकदा आपल्याबद्दलही नीट छापून येऊ दे गं," त्या म्हणाल्या. मी हॅस्केलला आणलं, शेजारी बसून कानात भाषांतर केलं. मध्यंतरात तो कोट घालून निघून गेला.

सकाळी त्याने विचारलं, "पुढे काय झालं?" मी सगळं सांगितलं. शेवटी काकू नुसत्या गप्प उभ्या राहतात, ते किती सुंदर होतं, तेही.

"आणि खटकलं काय?"

"मुलाचं पत्र आल्यावरचं रडणं जरा लांबलं."

छापून आलं ते हे: 'पत्र वाचून ती इतकं रडते, की प्रेक्षक घड्याळ बघू लागतात.' शेवटाबद्दल अक्षर नाही.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "नीता, तो तर मध्यंतरातच गेला. मी विंगेतून पाहिलं. मग पत्राचं त्याला कोणी सांगितलं?"

"मी, काकू."

"खरंच लांबलं होतं का?"

"थोडंसं."

"तालमींना तर रोज येत होतीस. मला का नाही सांगितलंस?"

पुढच्या वर्षीच्या नाटकात काकूंनी कपडेपट सांभाळला.

काही वर्षांनी हॅस्केल निवृत्त होऊन अमेरिकेला परतला. निरोपाच्या वेळी त्याने माझ्याकडे ग्लास उंचावला. "ते घड्याळाचं वाक्य आठवतं? नजर हिची होती." सगळे कौतुकाने वळले. मला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी, कारण क्षणभर मला बरं वाटलं होतं.