वांगं मारायला मीच सांगितलं होतं

माझी नात तिसरीत असताना तिनं शेजारच्या मळेवाल्याला गोफणीतून वांगं मारलं. तो कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसला होता. वांगं थेट त्याच्या टकलावर फुटलं.

तो तसाच आमच्या घरी आला. "पोरगी हाये का डाकू?" मुलानं नातीला विचारलं, "काहून मारलं?" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "मोबाईलमधल्या त्या बंदुकीच्या गेमनं डोकं फिरलं तिचं."

सगळ्यांना लगेच पटलं. गेम गेला, तिचं मळ्यात येणं बंद झालं. शाळेत पालकांच्या बैठकीत तिचं उदाहरण निघालं, तेव्हा मीही मान डोलावली. तिला 'मारकुटी' नाव पडलं ते पडलंच.

खरं असं, की ज्वारीवरचे पोपट हाकलायला गोफण मीच तिला शिकवली होती. काय सुंदर फिरवायची! त्या दिवशी दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी माझी बोलाचाली झाली होती. त्या रागात मी म्हणालो, "लाव नेम त्या टकल्याले." तिनं लावला. मी पोट धरून हसलो. आणि तो गेम? तिच्यापेक्षा मीच जास्त खेळायचो.

यंदा ती आठवीत. वाशीमला भालाफेकीसाठी तिची निवड झाल्याचं सांगायला खेळाचे सर घरी आले. मुलगा म्हणाला, "नाही जमत, सर. मारकुटी हाये ते. कोनाले लागलं तं?" ती उठून आत गेली.

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. सरांच्या देखत मी सगळं सांगून टाकलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाच वर्ष तुमी पोरीले मारकुटी म्हनू देल्लं?"

"हो."

"अन् वांगं बरोबर टकलावर बसलं?" सरांनी विचारलं. "किती लांबून?"

"दोन वावरं पलीकडून."

आधी सर हसले, मग मुलगा. हसता हसताच त्यानं सरांनी आणलेल्या संमतीपत्रावर सही केली.

मी आत गेलो. नातीला विचारलं, "माय, तू सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं बाबानं तुलेच मळ्यात जाऊ देल्लं नसतं," ती म्हणाली. "मंग दिवसभर घरी बसून तू आमचं डोकं खाल्लं असतं."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक हाये, आबा. आता वाशीमले येशील, तं तोंड बंद ठेवजो."

मी गेलो. तोंड काही बंद राहिलं नाही. तिचा भाला सुटला तसा मी इतका ओरडलो की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.