घडीचा नकाशा

डेक्कनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळणारे एक आजोबा मला दर रविवारी दिसत. ध्रुवाच्या, वाळवंटाच्या मोहिमांची पुस्तकंच तेवढी घेत आणि आधी मागून उघडत, कारण घडीचा नकाशा तिथे चिकटवलेला असतो. एका रविवारी एकाही पुस्तकात नकाशा नव्हता.

"नकाशे वेगळे जातात साहेब, फ्रेम करायला," पुस्तकवाला म्हणाला.

आजोबांनी हातातलं ध्रुवमोहिमेचं पुस्तक हळूच मिटलं. "अहो, हा माणूस अजून बर्फात आहे. त्याची परतीची वाट आपण भिंतीवर टांगायला विकलीत."

माझंही डोकं फिरलं. असे नकाशे भिंतीवर टांगणाऱ्यांना पुस्तकांजवळ फिरकू देऊ नये, असं मी घरी तावातावाने सांगत होतो. बायको हॉलच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथला नकाशा मीच हौसेने आणलाय. काचेतूनही त्याच्या घड्या दिसतात.