बुधवारची चूक

रंगनाथराव स्कूटरच्या कारखान्यात जन्मभर नटबोल्ट खरेदी करून निवृत्त झाले. निवृत्त माणसाने पुण्यात टेकडी चढायची असते, हास्यक्लबात हसायचं असतं, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवायची असतात. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते थेट रेडिओवर बोलायला लागले.

वारज्यात एका संस्थेचं छोटं रेडिओ केंद्र आहे. तिथे दर बुधवारी संध्याकाळी त्यांचा तासाभराचा कार्यक्रम. एक शब्द घ्यायचा आणि त्याच्याभोवती जगभरची गाणी गोळा करायची. 'मीठ' म्हटलं की मिठागरातल्या बायकांचं गाणं, मग पोर्तुगालच्या कोळ्यांचं, मग थोडं जॅझ, शेवटी एखादी कव्वाली. अभ्यास इतका की कोणीही डॉक्टरेट द्यावी. श्रोते इतके की सगळ्यांना एका रिक्षात बसवून घरी सोडता यावं, वर मीटरसुद्धा फार पडू नये.

केंद्र सांभाळणारी सृष्टी अमरावतीची. बोलायला गोड, त्यामुळे वाईट बातमीही तिने गोडच दिली. "सर, शो एकदम मस्त आहे. पण रिस्पॉन्स झीरो आहे ना! दिवाळीनंतर स्लॉट कमी होणार. ज्या शोला फोन येत नाहीत तो बंद करा म्हणतात."

बायको गेल्यापासून घरात रंगनाथरावांशी बोलणारा एक प्रेशर कुकरच उरला होता. बुधवारची तयारी करण्यात त्यांचे बाकीचे वार जात. तो तास गेला असता तर आठवड्याचं काय करायचं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी, डोकं ठिकाणावर नसल्यामुळे, ते सारंगीला व्हायोलिन म्हणाले. गाणं संपायच्या आत फोन वाजला.

"मी आमोद, कोथरूडहून. आपण मघाशी सारंगीला व्हायोलिन म्हणालात. वाद्य ओळखून मग बोलायची पद्धत आपल्याकडे नाही का?"

"क्षमा करा. पण कार्यक्रम कसा वाटला आपल्याला?"

"तो विषय नाही," आमोद म्हणाले आणि फोन ठेवला. पाठोपाठ आणखी फोन आले, सगळे सारंगीचेच.

रंगनाथरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. श्रोते होते! इतके दिवस कान देऊन ऐकत होते. फक्त 'छान झालं' एवढं सांगायला फोन उचलणं म्हणजे या शहरात उधळपट्टी. चूक सापडली की मात्र माणूस जेवणावरून उठतो. मग काय, दर बुधवारी ते एक चूक मुद्दाम पेरू लागले. एकदा ब्राझील आफ्रिकेत नेऊन ठेवला. एकदा पखवाजाला ढोलकी म्हणाले. कारखान्यात त्यांच्या हातून एक सदोष बोल्ट सुटला नव्हता. आता ते निवडून, पारखून दोष आणत होते आणि फोन खणखणत होते. आमोद तर त्यांना घड्याळ लावून झापत. सृष्टी हरखून गेली. स्लॉट वाचणार असं दिसू लागलं.

मग 'हळद' हा शब्द आला. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी कॅसेट होती. हिंजवडी खरंच गाव होतं तेव्हा कारखान्यातल्या सोबत्याच्या बहिणीच्या हळदीला ते गेले होते. तिथे एका बाईने गायलेलं गाणं त्यांनी टेप केलं होतं. बोली मावळातली, अगदी बहिऱ्यालाही कळावी अशी. त्यामुळे चूकही सोपी होती. "हे कोकणातल्या कुणा अज्ञात बाईंचं गाणं," त्यांनी सांगितलं आणि आमोदच्या फोनची वाट बघत बसले.

फोन आला, पण तो आमोदचा नव्हता.

"सायेब, मी बायडाबाई बोलतीय, हिंजवडीची. नातवाच्या गाडीत हाय. टॅरफिकमदी गाडी हलंना, म्हून त्यानं रेडू लावला, तर माजंच गानं! पर मी काय कोकण बघितलं न्हाई अजून."

रंगनाथरावांनी घाईघाईने माइक बंद असल्याची खात्री केली.

"शेवंताच्या हळदीला तुमी टेप केलतं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "चा पिताना नाव इचारलं. म्हनला, इसरनार न्हाई."

"विसरलो नाही, बायडाबाई."

"मंग?"

एवढंच विचारून बाईंनी फोन ठेवला. एका फोनसाठी आपण एका बाईचं नाव पुसलं, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी गाणं संपू दिलं, माइक सुरू केला आणि सगळं सांगून टाकलं. गाणं हिंजवडीच्या बायडाबाईंचं आहे, ते मला ठाऊक होतं, आणि इतक्या बुधवारच्या चुकाही मुद्दाम केलेल्या होत्या.

नंतर जेवढे फोन आले तेवढे केंद्राच्या इतिहासात आले नव्हते. आम्हाला मूर्ख समजता काय? आमच्या वेळेला काही किंमत? आमोद म्हणाले, "मी लेखी तक्रार करणार आहे." सृष्टी नाचायचीच बाकी होती. "सर, रेकॉर्ड रिस्पॉन्स! स्लॉट पक्का!" बायडाबाईंबद्दल एकानेही विचारलं नाही.

शेवटी रंगनाथरावांनीच त्यांना फोन लावला. "ऐकलंत ना बायडाबाई? मी नाव सांगितलं."

"कवा? गाडी हालली तशी नातवानं त्याची गानी लावली की. काय म्हनला तुमी?"

समोर माइक बंद होता. रंगनाथरावांनी घसा साफ केला आणि कार्यक्रमात बोलत तसंच, सावकाश, फोनमध्ये सांगितलं, "आत्ता आपण ऐकलेलं हळदीचं गाणं गायलं होतं हिंजवडीच्या बायडाबाईंनी."

"हां," पलीकडून आवाज आला, "आता बराबर हाय."

त्यांना आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. त्यासाठी फोनही त्यांनाच करावा लागला होता.