गुंडूची दहा मिनिटं

गुंडू पोवार शववाहिका चालवतो. पेठेतल्या तरुण मंडळाची गाडी आहे. बाजूला निळ्या अक्षरांत मंडळाचं नाव, मागं काचेचा दरवाजा, आत तिरडी सरकवायला दोन लोखंडी पट्ट्या. सतरा वर्षं झाली. आतापर्यंत किती नेले, असं कुणी विचारलं तर "लई" म्हणतो. स्वतःच्या आईलाही त्यानंच नेलं. घाटावर पोचेपर्यंत त्याची नजर टेम्परेचरच्या काट्यावर होती.

"तुमच्या आत कायतरी बंद पडलंय बघा," बायको, शालूबाई, म्हणते.

"असंल," तो म्हणतो आणि भाकरी मोडतो.

एका गोष्टीबाबत मात्र तो काटेकोर होता. थंडीच्या दिवसांत, सकाळचं काम असलं की, तिरडी उचलायच्या दहा मिनिटं आधी तो गाडीत जाऊन बसायचा. इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचा, सेल मारायचा आणि गाडी चालूच ठेवायचा. इंजिन जुनं, डिझेलचं. लेक पुण्याहून यायची असते, भाऊ बेळगावातून निघालेला असतो, तोवर गाडी दारात दोन-दोन तास उभी. गार पडली की लवकर चालू होत नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीनं असं केलं तर लोक बॅटरीला शिव्या घालतात. शववाहिका चालू झाली नाही की लोक मेलेल्या माणसाशी बोलायला लागतात. कावळा शिवला नाही की बोलतात, तसंच.

फार वर्षांपूर्वी कागलकडच्या एका वाडीत असं झालं होतं. म्हातारी आत ठेवली आणि गाडी लागेना. बायका सुनेकडं वळल्या. "तूच उपाशी ठिवलीस तिला! धर पाय! माग माफी!" बावीस-तेवीसची पोर. तिला धरून काचेपाशी आणली. तिनं माफी मागितली आणि पुढच्याच सेलला गाडी लागली. गाव म्हणालं, बघा, खरं निघालं. इंजिन गार होतं, हे गुंडूला ठाऊक होतं. गाडी घेऊन गेला. पण पुढच्या कामापासून ती दहा मिनिटं सुरू झाली.

यंदाच्या डिसेंबरात मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह यांनी त्याला शेडमध्ये गाठलं.

"गुंडू, तक्रार आलीया. आत बायका रडत्यात आन् भाईर तुझी गाडी घुरघुरतीया. आटपा आटपा म्हणतोस व्हय लोकास्नी?"

"गरम करून ठेवतो, दादा. थंडी हाय."

"कुठल्या जमान्यात हाईस लेका? आताच्या इंजिनाला गरम करायला लागत न्हाय. मोबाईलवर सगळं हाय. चावी फिरीव, सूट."

"आपली आताची न्हाय. दोन हजार अकराची हाय."

"अकराची म्हंजे काय संस्थानातली हाय? हे बघ, तिरडी आत गेल्याबिगर गाडी चालू करायची न्हाय. लोकांच्या भावना हाईत."

हीटरचे दोन प्लग कमजोर झालेत, हे गुंडूला सांगायचं होतं. तेवढ्यात उदयसिंहांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर गेले.

जानेवारीत उचगावचं काम आलं. गणपतराव, साखर कारखान्यातले निवृत्त टाइमकीपर. आदल्या संध्याकाळी गेलेले. घराणं मूळचं पेठेतलं, म्हणून न्यायचं पंचगंगेवरच. पहाटे साडेपाचला गुंडूनं गाडी दारात लावली आणि बंद केली. पलीकडच्या उसावर धुकं बसलं होतं. काचा आतून-बाहेरून ओल्या.

चाळिशीची एक बाई स्वेटरवर टॉवेल गुंडाळून गाडीपाशी आली. हातात उशी.

"मामा, आबांच्या मानंखाली ही ठेवली तर चालंल? रस्त्यात खड्डं लई हाईत."

"ठेवा," गुंडू म्हणाला. "हळूच न्हेतो मी."

ती गणपतरावांची लेक, अनुजा. हे त्याला बोनेटला टेकून उभ्या राहिलेल्या दोघांच्या बोलण्यातून कळलं.

"आता हिचं कसं रं?"

"जाईल शिरोळला, मावशीकडं. हिचा भाऊ, यशराज, कालच बोलला. बारावं झालं की पोचवून येतो म्हणाला."

"बाप जाऊन रात बी न्हाय झाली."

"वरच्या खोलीत बायकोचा क्लास काढायचाय त्याला."

"आन् अकरा वर्सं म्हाताऱ्याचं हागणं-मुतणं कुणी काढलं?"

"हिनंच की. पण खोली एकच हाय न्हवं."

गुंडूनं ऐकलं. दारोदारी असं काहीतरी कानावर पडतंच. सात वाजत आले. एरवी आत्ता त्यानं सेल मारला असता. तो हात काखेत घालून उभा राहिला.

तिरडी आली. आत सरकवली. अनुजानं उशी नीट केली. काचेचा दरवाजा लागला. गुंडू सीटवर बसला, हीटर दिला, चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

पुन्हा. पुन्हा तेच.

अंगणात रडणं थांबलं. मागून कुणीतरी म्हणालं, "जायला तयार न्हाईत आबा."

गणपतरावांची थोरली बहीण, बाळाबाई, काठी टेकत पुढं आली. ऐंशी पार केलेली. काचेला तोंड लावून म्हणाली, "गणपा, कशात जीव अडाकला रं तुजा?" मग वळली. "यशा, म्होरं ये. पोरीचं बोल."

यशराज खांदेकऱ्यांत उभा होता. "आत्ती, आत्ता? हितं?"

"मग कुठं? घाटावर? त्यो हितनं हलंना झालाय!"

"गाडी बिघडली असंल—"

"गाडी पेठेतनं आली की चालत! तवा बरी बिघाडली न्हाय!"

गुंडूनं तोंड उघडलं होतं. गार पडलीया, जरा थांबा. एवढंच म्हणायचं होतं. आरशात यशराज दिसत होता, त्याच्या मागं अनुजा. ती कुणाकडंच बघत नव्हती. गुंडूनं तोंड मिटलं आणि हीटर धरून ठेवला.

यशराजनं काचेवर हात ठेवला. "आबा, वरची खोली ताईची. ती हाय तोवर. शब्द दिला."

"मोठ्यानं!" बाळाबाई म्हणाली.

"वरची खोली ताईची!"

गुंडूनं चावी फिरवली. पांढरा धूर सोडून इंजिन लागलं. एकदम सगळ्या बायकांनी हंबरडा फोडला. घाटापर्यंत त्यानं गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर नेली. खड्डे चुकवले.

चौदाव्या दिवशी यशराज शेडमध्ये आला. बरोबर उदयसिंह. गुंडू गाडी धुवायला बादली भरत होता.

"पावणं, एकच इचारायचंय," यशराज म्हणाला. तो भांडायला आल्यासारखा दिसत नव्हता. झोप न झालेला दिसत होता. "शब्द मी आबांना दिलाय. तुमच्या बॅटरीला न्हवं. खरं काय ते सांगा."

"बॅटरी दिवाळीतच घातलीया. नवी हाय."

"मग इंजिन गार पडलं हुतं?"

गुंडूनं उदयसिंहांकडं पाहिलं. "दादांना इचारा. दादा म्हणत्यात, आताच्या इंजिनाला गरम करायला लागत न्हाय."

उदयसिंह अडकले. "न्हाय म्हंजे... लागत न्हाईच. दाखवतो की मोबाईलवर."

"मग लागली का न्हाय?" यशराजनं विचारलं.

"ते मला कसं कळणार?" गुंडू म्हणाला. "मी ड्रायव्हर हाय."

यशराजनं फोन काढला. "हे बघा, ताई कालपासनं जिना झाडतीया. सामान वर न्हेऊ का म्हणून इचारती. तिकडं क्लासची बाकं ठरलीत. माझं काय ताईशी वैर हाय व्हय? पण आत्ती साऱ्या भावकीत सांगत फिरतीया. मी आत्तीला फोन लावून देतो. तुम्ही नुसतं 'गार हुती' म्हणा. दोन शब्द. मी मोकळा."

तो नंबर लावायला लागला.

"नगा लावू," गुंडू म्हणाला. "गार नव्हती."

"नव्हती?"

"नव्हती."

यशराज त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. तिथं काही सापडलं नाही. कुणालाच कधी सापडत नाही. मग त्यानं बायकोचा नंबर लावला आणि शेडच्या दारात जाऊन बोलला, "वर्षाराणी, बाकं नगं म्हण त्येला... व्हय, नगंच. आन् ताईचं कपाट वर चढवायला दोन माणसं बोलीव." मोटारसायकल चालू करून तो निघून गेला. उदयसिंहांना राम राम घालायचंही विसरला.

उदयसिंह खूश झाले होते. "बघ गुंडू! मी काय म्हणत हुतो? गार-बीर काय नसतंय. आज तुझ्याच तोंडानं बोललास." त्यांनी खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं: गाडी चालू ठेवून थांबू नये. खाली तारीख. "वाच."

गुंडूनं वाचलं.

"कळलं?"

"कळलं."

"गाडीत काय दोष? काय करायचंय का तिचं?"

प्लगचं सांगायला हीच वेळ होती. पण आता ते सांगणं म्हणजे उचगावला फोन लावण्यासारखंच. उदयसिंहांच्या पोटात गोष्ट संध्याकाळपर्यंत राहिली नसती.

"कायबी न्हाय," तो म्हणाला. "ठणठणीत हाय."

उदयसिंह गेले. थंडी शिवरात्रीपर्यंत राहणार होती, आणि ती दहा मिनिटं आता नव्हती. गुंडूनं बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आतल्या लोखंडी पट्ट्या पुसल्या. पुन्हा बुडवलं. पाणी किती गार आहे ते त्याला बोटं लालभडक झालेली दिसल्यावर कळलं.