मामांच्या नकाशातली दर्ना

किसनमामांचा निरोप आला, "नकाशा वाचाले ये," आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत फुलसावंगीला निघाले. साठ-एकसष्टची गोष्ट. यवतमाळच्या शाळेत मी नुकतीच भूगोल शिकवू लागले होते. मामांच्या लेखी म्हणजे जगातली सगळी गावं माझ्या ओळखीची.

आर्णीमार्गे महागावपर्यंत मोटार. तिकीट स्वस्त, धूळ फुकट. आज जाणाऱ्यांना डांबरी रस्ता आहे, पण आर्णीची गरम भजी तेव्हाही चुकवण्यासारखी नव्हती. पुढे बैलांची बंडी. ती हाकणारे नामदेवभाऊ मामांचे शेजारी.

"मास्तरीणबाई, तुमचा मामा म्हनते, लढाईत आफ्रिकेत गाडी चालवली. आमाले त वाटते, नागपूरच्या पुढं गेलाच नाई."

"मग नकाशा कुठला?"

"नागपूरच्याच बाजारातला!"

मामींनी पातोडीचा झणझणीत रस्सा वाढला. जेवणं झाल्यावर मामांनी नामदेवभाऊंसमोरच पेटीतून नकाशा काढला. आफ्रिकेतल्या एका पडक्या दुकानातून लष्करी बिस्किटांच्या बदल्यात घेतलेला, म्हणे. कागद चहाच्या रंगाचा. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला कुणीतरी हातानं निळी कड दिलेली, वाळवंटावर फिका पिवळा रंग, आणि मोकळ्या जागेत एक रुसलेला उंट.

"लढाई झाली ते तोब्रुक दाखव यायले," मामा म्हणाले.

मी शोधलं, पुन्हा शोधलं. नकाशा फार जुना. ते नाव काही दिसेना. नामदेवभाऊंच्या मिशा हलू लागल्या. मामा नकाशाची घडी घालू लागले.

तेवढ्यात चुलीपासून मामी म्हणाल्या, "थांबा. दर्ना हाय का त्यात?"

मामा चमकले. "तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच. लढाईहून आल्यापासून झोपेत हाका मारता. मी म्हनो, असन कोनी बाई."

किनाऱ्याच्या वळणावर बारीक अक्षरात सापडलं: देर्ने, म्हणजे दर्नाच. "मामी, ही घ्या तुमची सवत. गाव आहे!"

मामी पदर तोंडाशी धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"इतकी वर्सं मले काहून नाई इचारलं?"

"आन् तुमी हो म्हनलं असतं त?"

नामदेवभाऊ बैलांना पाणी पाजायचं निमित्त काढून उठले. मग मामांनी सांगितलं. गाडीत जखमी सोबती होता, इकडच्याच ढाणकी गावचा. 'दर्ना आलीच, दर्ना आलीच' म्हणत त्यांनी वाळूतून गाडी पिटाळली. दर्ना आली तेव्हा तो गेलेला होता.

मामींचं हसू थांबलं. "हे त्याच्या मायले सांगतलं का?"

"कोन्या तोंडानं सांगू?"

"मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी बंडीत आम्ही तिघं होतो. महागावला माझी मोटार यवतमाळची, त्यांची उमरखेडकडची. ढाणकीच्या म्हातारीनं मामांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, हे पुढे पत्रातून कळलं.

घरी आल्यावर आई विचारत राहिली, काय पाहिलंस? नकाशाचे रंग आज पुसट झालेत. लख्ख आठवतं ते एवढंच: उमरखेडच्या मोटारीत खिडकीशी बसलेल्या मामांना मामींनी जागेवरून उठवलं. "तुमी लय मुलूख पायला. आता मी पायतो."