काचेच्या खोलीतलं बुकिंग

मळवलीच्या ज्या बंगल्याची मी राखण करतो, तिथल्या जिन्याखाली पाव्हण्यांच्या विसरलेल्या चपला साठल्यात. एकाही चपलेचा जोड नाही. टाकवत नाहीत, घालताही येत नाहीत. हॉस्पिटलातले किस्से तसेच. आमच्या कमळीच्या आजारपणात गोळा झालेत. घ्या, चार तुम्हीही न्या!

कमळी म्हणजे आमची बायको. बंगल्याचा मी नावाचाच केअरटेकर, खरा कारभार तिचा. सकाळी अकराला चेक-आऊट. काटा अकरावर गेला की ही पाव्हण्यांच्या अंगाखालची गादी ओढून गुंडाळायला घेते! "पाव्हणं, अकरा वाजले!" एवढंच म्हणते. त्या आवाजाला मोठमोठे साहेब टूथब्रश तोंडात धरून अंगणात पळालेले मी बघितलेत.

तर हिच्या छातीत गाठ निघाली. केमो सुरू झाली. आधीच्या निभावल्या, पण एका केमोनंतर सणकून ताप भरला. तळेगावला दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, "पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. आत्ता साधा जंतूसुद्धा महागात पडेल. ताप गेला, पेशी वाढल्या की घरी. तोवर वेगळी खोली."

दाराला काच असलेली खोली. त्यात तोंड आतून सोललेलं, त्यामुळं बोलणं बंद. लग्न झाल्यापासून शिव्या खाल्ल्याशिवाय माझा दिवस गेला नव्हता. करमेना हो!

*

आत एकालाच सोडायचे, तेही हिरवा गाऊन, टोपी, मास्क चढवून. त्या वेशात मी पॅसेजमध्ये उभा होतो. एक बाई धावत आली आणि सासूची सगळी कुंडली मांडून म्हणाली, "डॉक्टर, कधी सोडताय त्यांना?"

म्हटलं, "बाई, मी डॉक्टर असतो तर तुमचं एवढं ऐकत थांबलो असतो का?"

बाई हसली. तिच्या मागं उभे असलेले खरे डॉक्टर काही हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आले, स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसले. "बोला आबा. आज सगळं ऐकतो."

तर मला विचारायचं एक आठवेल तर शपथ!

*

कमळीचे केस गेले. मी म्हटलं, "रडू नगं. तुझ्यासाठी मी पण डोकं भादरून घेतो."

माझं डोकं पोराच्या लग्नाआधीपासून चकचकीत आहे. तिनं उशी उचलली, पण फेकायचं त्राण नव्हतं. परत ठेवली. मला उशी लागली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी ती बाथरूमला गेलती आणि मी टोपी काढून टेकलो तिच्या कॉटवर. रक्त न्यायला लॅबचा माणूस आला. त्यानं बघितलं, माणूस कॉटवर बसलाय, टकला आहे, तोंडाला मास्क आहे. काही न विचारता शेजारी बसून त्यानं माझ्या दंडाला रबर बांधलं!

मीही हात पुढं केला. "घ्या. माझ्यात पांढऱ्या पेशी लय हायत. त्यातल्या थोड्या तिच्या रिपोर्टात टाका."

तेवढ्यात सिस्टर वैशाली आली. आंबी गावची पोरगी, वॉर्डात तिला सगळे टरकून. "आबा, उठा कॉटवरनं!" अशी ओरडली की लॅबवाला आधी उठला.

*

आमच्याकडं आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे एकट्यानं जायची पद्धत नाही. आमच्या भाजे गावातनं पिकअप भरून माणसं उद्या येणार, असा फोन आला. नारळ, फुलं, कोंबडीचा रस्सा, सगळं घेऊन! आत तर माझ्याशिवाय कुणालाच सोडत नव्हते.

मी बंगल्यावरचा बोर्ड आणला आणि काचेच्या दारावर टांगला. 'बुकिंग फुल. पादत्राणे बाहेर काढावीत. मोठ्याने गाणी लावू नयेत.'

गाववाले यायच्या आत राउंडला मोठे डॉक्टर आले. बोर्ड वाचला. आणि गुमान खाली बसून बूट काढायला लागले! सिस्टर वैशालीनं माझ्याकडं असं बघितलं की मीच चप्पल काढून हातात घेतली.

मग पिकअप पोचलं. कमळीची थोरली बहीण, आमची शेवंतामावशी, काचेला नाक लावून मोठ्यानं रडायला लागली. "माझी बाय गं ती!" मागं अख्खं भाजे सूर धरून.

कमळी उठली. सलाइनचा स्टँड धरून एकेक पाऊल टाकत दारापाशी आली. सगळ्यांचा सूर तुटला. तिनं बहिणीकडं डोळे भरून बघितलं.

आणि पडदा ओढला!

*

एका दुपारी मात्र हिला हुडहुडी भरली, बीपी खाली गेलं. औषध बदललं. डॉक्टर म्हणाले, "ताप हलला नाही, तर आयसीयूत घ्यावं लागेल." मी बाकड्यावर बसून राहिलो.

सिस्टर वैशाली दोन कप चहा घेऊन आली. "आबा, आज बोर्ड न्हाई लावत?"

"आज न्हाई."

ती शेजारी बसली. एक कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "सरांनी बूट काढले ना, तवा मी चादरींच्या खोलीत जाऊन पोट धरून हसलेले."

चहा संपेस्तोवर दोघं तेवढ्यावरच हसत बसलो. आतून मॉनिटर वाजत होता.

*

हळूहळू ताप उतरला. पेशी वाढायला लागल्या. ही पेज घ्यायला लागली, पण शब्द काही फुटेना.

मग एकदा बंगल्यावर पाव्हणे होते, म्हणून मला तळेगावला पोचायला उशीर झाला. इंद्रायणी तांदळाची गरम पेज डब्यात घेऊन मी दार ढकललं.

कॉट रिकामी. सलाइनचा स्टँड भिंतीला लावलेला. खुंटीवरचा तिचा स्कार्फ नाही. चादर काढलेली, गादी गुंडाळून उशाकडं सारलेली.

सिस्टर वैशाली खिडकीपाशी पाठमोरी उभी. "सिस्टर?" म्हटलं. तिनं मान आणखी खाली घातली. खांदे हलत होते.

माझ्या हातातनं डबा सुटला. मी कॉटचा गज धरला आणि खाली बसलो.

तेव्हा बाथरूमच्या दारामागनं, गंजलेली कडी सरकावी तसा आवाज आला:

"पाव्हणं, अकरा वाजून गेले. गादी बी गुंडाळली. आता कुणाची वाट बघताय?"