दादाच्या नावचे गहू

श्रावणातल्या त्या आठवड्यात आमच्या घरातला टीव्ही बंद होतच नव्हता. माझा मोठा भाऊ, दादा, आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवायचा. तिकडची धुसफूस वाढत वाढत क्षेपणास्त्रांवर आली होती, आणि आबा, म्हणजे आमचे वडील, सकाळच्या चहापासून पडद्यावरच्या लाल बाणांकडे टक लावून बसायचे. मी जळगावला कॉलेजात शिकवतो. कानबाईसाठी सुट्टी काढून दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी आलो, तर दारातच आबांनी सांगितलं, "तिकडलं विमानतळ बंद करून टाकलं."

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई ही देवी बसते. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, लुगडं नेसवून चौरंगावर बसवायचं, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. तिच्या नैवेद्याच्या जाडजूड पोळ्या म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढून दळायचे, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे. उरले, वाया गेले, की आईच्या मनाला लागतं.

शुक्रवारी गहू काढताना आईनं आबांच्या नावानं मूठ भरली, माझ्या नावानं भरली, आणि हात तसाच पायलीत ठेवून थांबली.

"त्याना रोट उरना तं कोन खाई?"

वहिनी सुपानं धान्य पाखडत होती. ती उठली, आईच्या शेजारी बसली आणि दादाच्या नावचे गहू तिनंच काढले.

"उराव नही. त्या येतीन," दादा येणारच अशा खात्रीनं ती म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग वहिनीनं सांगितलं, की सकाळी देवापुढे दिवा लावताना तिला मागून दादाच्या खाकरण्याचा आवाज आला. स्पष्ट आला. मी हसलो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार, कारण तिनं पुढचं मला सांगितलंच नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी स्पीकरवर लावला. तो नेहमीसारखाच सगळ्यांना धीर देत होता. बंदर मोठं आहे, इथं काही होणार नाही, साहेब म्हणतात शांत राहा, यंदा कानबाईला जमत नाही एवढंच. माझ्या नावचे गहू घेऊ नका, असंही म्हणाला.

वहिनीनं माझ्या हातातून फोन घेतला. आमच्यासमोर दादाशी ती कधी चार शब्दांवर बोलत नसे.

"तुम्हीन आजच निंघा," ती म्हणाली. "सकायनी वाट देखू नका. बसमा बसा, टरकमा बसा, पन निंघा."

"अवो, विमानच नाही तर जाऊ कुठं?"

"बाकीनं कानबाई देखी लेई."

दादा चिडला. नोकरी सोडून पळायचं का, असं काहीतरी बोलला आणि फोन ठेवला. वहिनीनं फोन मला परत दिला आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर दादाच्या बंदराचं नाव आलं. धुराचे लोट, पळणारी माणसं, पुन्हा पुन्हा तेच चित्र. दादाचा फोन बंद. मी कंपनीचा नंबर शोधून लावला, तिथं कोणी उचलेना. मी लावत राहिलो, आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी उठून टीव्ही बंद केला. घरातली ती शांतता मला बातम्यांपेक्षा जड गेली.

"आवंदा कानबाई नको," आबा म्हणाले.

आई रडायला लागली. वहिनी मात्र दारातून पुढे आली. सासऱ्यापुढे तिचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला.

"आबा, कानबाई बसाडनीच शे. बठ्ठं घर धुई-पुसी ठेयेल शे. ती दारशे उनी तं तिले माघारी धाडशात का?"

आबा कोयता घेऊन मळ्यात गेले आणि चौरंगाला बांधायला केळीचे खांब घेऊन आले.

रविवारी कानबाई बसली. रोट झाले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली, खीर झाली. भाऊबंद जमले. सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि वहिनी एकटी नेहमीच्या आवाजात माणसांना कामं सांगत होती. दुपारी ती मागच्या अंगणात हात धूत असताना मी तिला गाठलं.

"वहिनी, तुम्हाले खरंच वाटस?"

तिनं हातांवर पाणी ओतलं. "मना बापना येळे बी असंच वाटेल व्हतं. वाचतीन म्हनीसन."

"मंग?"

"बाप नही वाचना." तिनं पदरानं हात पुसले. "तरी आते वाटस ते सांगस. खोटं पडनं तं कानबाईशीच भांडसू."

एवढं बोलून ती आत गेली. मला वाटत होतं हिची श्रद्धा भाबडी आहे. पण ती श्रद्धा एकदा हरली होती, आणि ते ठाऊक असूनच हिनं गहू काढले होते.

सोमवारी डफ वाजायला लागले. वहिनीनं चौरंगासकट कानबाई डोक्यावर घेतली. आरती झाली, गल्लीतल्या बायका पुढे झाल्या आणि आम्ही नदीच्या वाटेला लागलो. आबा सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून चालत होते.

बसथांब्याच्या वळणावर एक रिक्षा थांबली. तिच्यातून एक माणूस उतरला. दाढी वाढलेली, अंगावर कंपनीचा निळा कोट, हातात सामान म्हणून एक प्लास्टिकची पिशवी. मला ओळखायला वेळ लागला. पुढे चाललेल्या चुलतबहिणीला लागला नाही.

"दादा उना! दादा उना!"

डफ थांबले. आई तिथंच रस्त्यात बसली. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. त्याच्या कपड्यांना डिझेलचा आणि घामाचा वास येत होता. आबा गर्दीतून वाट काढत आले, त्याच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवत राहिले.

दादा तुटक तुटक सांगत होता. फोन ठेवल्यावर त्याला झोपच येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको कधी 'निंघा' म्हणाली नव्हती. त्यानं पिशवी भरली आणि कामगारांनी भरलेल्या एका बसमध्ये चढला. बस वाळवंटातून शेजारच्या देशाच्या सीमेवर पोचली, तेव्हा मागं बंदरावर मारा झाल्याचं त्यांना कळलं. त्याच्या राहायच्या खोल्या पडल्या होत्या. कामाची पाळी चालू होती म्हणून सोबतचे वाचले, एकाचा हात मोडला. सीमेवर बस अडकली, तेव्हा ड्रायव्हर त्याच्या भाषेत दुवा मागत होता, केरळची पोरं त्यांच्या देवाला आळवत होती आणि हा कानबाईची गाणी म्हणत होता. पुढं अहमदाबादचं विमान मिळालं, तिथून रेल्वे. फोन मेलेला. आज सकाळी रेल्वेत दुसऱ्याच्या मोबाइलवरून आबांचा तेवढा पाठ असलेला नंबर लावत आला, तर मिरवणुकीच्या गडबडीत आबांचा फोन घरात चार्जिंगला.

हे सगळं चालू असताना वहिनी वळणावर तशीच उभी होती. डोक्यावर देवी होती. नदी येईपर्यंत ती खाली ठेवता येत नाही. दादा तिच्यासमोर जाऊन थांबला. त्यानं वाकून आधी कानबाईच्या चौरंगाला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला.

"वाजाडा रे!" आबा ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "काय देखी राहिनात? आखो जोरमा वाजाडा!"

डफ असे कडाडले की बाजूच्या कडुनिंबावरचे पोपट उडाले. बायकांनी हात धरले, फेर धरला. वहिनीनं एका हातानं चौरंग सावरला, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि नाचायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नथ हलत होती, आणि तिचं पाऊल एकदाही चुकलं नाही. मी, देवापुढे कधी हात जोडायला न गेलेला माणूस, दादाच्या गळ्यात हात टाकून घसा बसेपर्यंत कानबाईचा जयजयकार करत नदीपर्यंत नाचत गेलो.